चोरखमाऱ्याची सोबत

कोल्हापुरातून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्या सांगलीवरून जाते आणि पार गोंदियाला जाऊन थांबते. मध्ये अख्खा महाराष्ट्र येतो. नवऱ्याची तिकडे बदली झाली आणि तीन वर्षांच्या सईला घेऊन मी त्या गाडीत चढले, तेव्हा सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "पोरं परदेशात चालली," म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, पासपोर्ट लागत नाही." पण दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या फलाटावर हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळे हिंदीत बोलायला लागले, तेव्हा सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या असं वाटलं.

गावाच्या कडेला मुर्रीत घर मिळालं. घरमालकीण शकुनबाई पोवार समाजाच्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी माळव्यातून येऊन इथे शेतीत स्थिरावलेले. त्या घरात पोवारी बोलत, भाजीवाल्याशी हिंदी आणि माझ्याशी झाडीबोली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात उभं केलं. "काऊन वो बाई, एवढ्या दूर कायले (कशाला) आल्या?" मला राग आला. आमच्याकडे निदान आधी पाणी देतात. मीही सांगलीची. म्हटलं, "तुमचं घर रिकामं पडलं होतं म्हणून." त्या पदर तोंडाशी धरून हसल्या आणि संध्याकाळी वाटीभर झिंग्यांची भाजी घेऊन आल्या. तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

दिवाळी उलटली आणि धानाची कापणी सुरू झाली. नवरा एका राइस मिलची यंत्रं बसवायला बालाघाटला गेला होता. शकुनबाई म्हणाल्या, "घरात बसून काय करतं? चाल माझ्या माहेरी. नवा भात खाय." त्यांचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. गोंदियाहून तिरोड्यापर्यंत रेल्वे, तिथून काळी-पिवळी जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर सई, सईच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. दोन्ही बाजूंना पिवळं धान, आणि जिथे कापून झालं होतं तिथे कडप्या (वाळायला पसरलेलं कापलेलं धान) पडलेल्या. ऊस आणि द्राक्षं बघून वाढलेली मी, इतका भात एका जागी पहिल्यांदाच बघत होते.

शकुनबाईंची भावजय कौशल्याबाई उंच, काळीसावळी, आवाज असा की दोन शेतं ओलांडून जाईल. तिने नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तिखट ठेचा वाढला. लाखोरी मी पहिल्यांदाच खाल्ली. चांगली लागली, हे मी कबूल केलं. त्यावर कौशल्याबाई म्हणाली, "चांगली लागंलच ना, मी केली." हिच्याशी माझं पटणार, हे तिथेच ठरलं.

जेवण झाल्यावर आम्ही तलावावर गेलो. पाणी लांबवर पसरलेलं, पलीकडे जंगलाची रेघ. सई सकाळपासून किरकिर करत होती, मी ती प्रवासाची समजत होते. बांधावर ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मानेला तिचं कपाळ लागलं तेव्हा चटका बसला. मी तिला खाली घेतलं. तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. कौशल्याबाईचा फुटला. तिने बांधावरून दिलेली हाक गावात ऐकू गेली आणि गल्लीत उभी असलेली जीप आमच्याकडे यायला निघाली.

जीप येईपर्यंत झटका थांबला होता, पण पोरगी चिंध्यांच्या बाहुलीसारखी लुळी पडली होती. मी आत बसले. माझ्यामागून शकुनबाई बसल्या. मग कौशल्याबाई, तिचा नवरा, शेजारची एक म्हातारी, कापणीवरून तशाच विळ्यासकट आलेल्या दोघी. कुणी तांदळाचं गाठोडं टाकलं, कुणी भगोणं. माझं डोकं फिरलं. "उतरा सगळे," मी ओरडले. "पोरीला दवाखान्यात न्यायचंय, जत्रेला नाही. जीप हळू चालेल तुमच्या वजनानं."

कुणीही हललं नाही. "आमी उतरलो त तुले धरंल कोण?" कौशल्याबाई म्हणाली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हाण."

रस्ता कालव्याच्या कामाने उखडलेला. जीप उडत होती, आपटत होती. पण एका बाजूने कौशल्याबाई, दुसऱ्या बाजूने शकुनबाई, पुढून म्हातारीचे गुडघे, अशी मी गच्च बसले होते. माझ्या मांडीवर सईचं डोकं फारसं हललंही नाही. म्हातारी वाटभर ओल्या पदराने तिचं अंग पुसत राहिली. मी रडत होते आणि त्यांना बोल लावत होते, दोन्ही एकदमच.

तिरोड्याच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, "पेशंटसोबत कोण?" मी म्हटलं, "मी एकटीच."

"एकटी कायची?" मागून आवाज आला. "आमी आहोत ना."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सईला सलाइन लावली. तापाचा झटका होता. रक्तात मलेरिया निघाला. "वेळेत आणलंत," ते म्हणाले, "आता उतरेल." उतरेपर्यंत मी खिडकीपाशी उभी होते. बाहेर अंगणात माझी जत्रा बसली होती. तीन दगडांची चूल मांडून भात शिजत होता.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "तुमचं धान शेतात पडलंय. आभाळ आलंय. जा आता घरी."

"येऊन राह्यला तुझा नवरा?"

"फोन केलाय. संध्याकाळी पोचेल."

"मंग संध्याकाळी जाऊ," कौशल्याबाई म्हणाली. "धान वल्लं झालं त वाळवू. पोरगी डोळे उघडंल त कोणाले पाह्यल? आपली माणसं दिसाले पाह्यजेत."

सईने डोळे उघडले तेव्हा खिडकीच्या गजांत सगळी तोंडं दाटलेली होती. तिने एकेक निरखून पाहिलं आणि भात मागितला. त्या दिवशी मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर कौशल्याबाईने काहीतरी बोलून घेतलं असतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला सांगलीला आलो. त्याच गाडीने, उलट्या दिशेने. सासूबाईंनी सईची दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "परक्या मुलखात एकटीनं कसं निभावलंस ग?" मी सांगायला बसले ते दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी सई ओट्यावरून पडली. हनुवटी फुटली. सासूबाई देवळात, नवरा बाहेर गेलेला; घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. शेजारच्या काकू फाटकातून म्हणाल्या, "काही लागलं तर फोन कर हं." मी रिक्षा केली. दवाखाना चकचकीत होता, माणसं सौजन्याची. दोन टाके पडणार होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं. माझ्याच गावात, माझ्या लहानपणापासूनच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात मी खुर्चीवर बसले होते आणि दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

सई रडायची थांबली. तिने मान वळवून दरवाजाकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"आई," ती म्हणाली, "बाकीचे कुठं आहेत?"

मी मुर्रीला फोन लावला. शकुनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सोबत कोण हाये?"

मी फोन सईच्या कानाला लावला.