गोजराताईंचा रस्ता आणि फुटका सायलेन्सर

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत तळमजल्यावर सदूभाऊ आणि गोजराताई राहतात. सदूभाऊ एका गोदामात स्टोअरकीपर होते, आता निवृत्त. ताईंची नजर तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी भाऊ त्यांना जुन्या निळ्या गाडीतून नेरूळच्या खाडीपर्यंत नेतात. काचा खाली. ताई वासावरून रस्ता ओळखतात. बेकरी आली की म्हणतात, "वळलो." फुलवाल्यांपाशी म्हणतात, "सिग्नल." चिखलाचा खारा वास आला की पदर सावरून गप्प बसतात. एकदा मी सोबत गेले होते. मीही डोळे मिटले, आणि सगळं गाव हलक्या वाऱ्यावर तरंगत येतंय असं वाटलं.

गेल्या महिन्यात तो रस्ता पुसला गेला. सायलेन्सरचा पाईप गंजून फुटला आणि धूर गाडीच्या आत येऊ लागला.

"समदीकडं एकच वास," ताई म्हणाल्या. "कुटं हाय त्येच कळंना. मला नका नेऊ आता." मग त्या दाराशी येऊन बसायच्याही बंद झाल्या, बोलणंही तुटलं. तो धूर जिवावर बेततो, म्हणून भाऊंनी गाडी उभीच ठेवली. मेकॅनिकनं हात वर केले. पत्रा कागदासारखा झालाय, वेल्डिंग केलं तर भोक वाढेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचा नवा पाईप कुठून आणायचा?

भाऊंनी आमच्या बिल्डिंगचे निम्मे गळके नळ एकाच लेपानं बुजवलेत. तोच लेप त्यांनी पाईपला थापला. इंजिन सुरू झालं, पाच मिनिटांत करपट वास सुटला आणि लेप तुकड्यातुकड्यांनी खाली पडला.

खिडकीतून ताईंचा आवाज आला, "अवो, नळ हाय का त्यो?"

भाऊ ओशाळले. पण त्या दिवशी ताई बोलल्या, याचाच त्यांना आनंद.

शनिवारी सकाळी इंजिन गार असताना त्यांनी एका बाजूची चाकं फुटपाथच्या कडेवर चढवली, खाली दगड लावले. मग माझ्याकडे आले. "वहिनी, तुमचं ते झाडूचं मशीन द्या जरा."

मी देवपूजा आटोपून व्हॅक्यूम क्लीनर घेऊन खाली गेले. त्यांनी त्याचा पाईप हवा फेकायच्या बाजूला लावला, सायलेन्सरच्या तोंडात खुपसला, भोवती चिंधी कोंबली. मग गाडीखाली सरपटत जाऊन पाईपवर साबणाचं पाणी शिंपडलं. क्षणभर काहीच नाही. मग खालून फुगे येऊ लागले. लहान, मोठे, कोवळ्या उन्हात निळे-जांभळे होत वर जाणारे. मी पाहतच राहिले.

"काय झालं गं?" ताईंनी खिडकीतून विचारलं.

"फुगे उडतायत, ताई. तुमच्या गाडीतून."

"म्हातारपनी पोरखेळ त्यांचा," त्या म्हणाल्या, पण खिडकीतून हलल्या नाहीत.

फुगे दोन ठिकाणांहून येत होते. एक भोक भाऊंना माहीत होतं. दुसरं मागच्या जोडावर, लेप लावताना त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांनी दोन्ही जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासल्या, उष्णता सोसणारी सायलेन्सरची पुट्टी भरली. माझ्या रिकाम्या तुपाच्या डब्याचा पत्रा कापून वरून गुंडाळला आणि स्क्रूच्या क्लिपांनी आवळला. रात्रभर वाळू दिलं. रविवारी गाडी मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालू ठेवली, पुन्हा पाणी शिंपडलं. एकही बुडबुडा नाही.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मी त्यांच्यासोबत निघाले. ताई यायला तयार नव्हत्या. भाऊ म्हणाले, "धूर आला तर तिथनंच माघारी फिरू, गोजरे." त्या बसल्या, तेव्हा भाऊंनी हळूच मला काही न सांगण्याची खूण केली.

बेकरीपाशी नेहमीसारखं वळायचं होतं. भाऊ सरळ गेले. संध्याकाळ केशरी, सगळं पेंगुळल्यासारखं. भाऊंचे हात स्टिअरिंगवर घट्ट. मी मनात नामस्मरण करत होते.

थोड्या वेळानं ताईंनी नाक उचललं. एकदा, परत एकदा.

"अवो," त्या रागानं म्हणाल्या, "बेकरी गेली की मागं! वळला न्हाई तुमी. कुटं न्हेताय मला?"

भाऊंनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिले.

"हसताय काय? वळवा. खाडी त्या अंगाला हाय."