जयंतीचं रीळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? माझी एखादी डॉक्युमेंटरी पाहिली असेल कदाचित. घरोघरची जुनी रिळं, फोटो, कॅसेट गोळा करून मी फिल्म करते. काही फेकू नका, असं लोकांना तावातावानं सांगते. मीच सांगते, बघा.

बाबांपासून सुरुवात करते, म्हणजे जरा धीर येईल. बाबा नागपूरचे, अमेरिकेत सांता क्लाराला इंजिनिअर. त्यांनी घरगुती फिल्म काढायचा सुपर एट कॅमेरा घेतला आणि मग आमची सुटका नव्हती. बर्फ बघायला गेलो, काढ रीळ. नवा फ्रिज आला, काढ रीळ. सगळी मुकी. बोलकं एकच होतं, आमच्या हॉलमधल्या जयंतीचं. दर एप्रिलला चार-पाच घरं आमच्याकडे जमायची. फोटोला हार, बुद्धवंदना, आईचं गाणं, मग भरपूर जेवण. त्या वर्षी बाबांनी कुणाकडून तरी आवाज घेणारा कॅमेरा मागून आणला होता. आई पांढरी साडी नेसून, डोळे मिटून गातेय — खणखणीत आवाज होता तिचा, माइक लागायचा नाही.

गणपती-दिवाळीला आम्ही महाराष्ट्र मंडळात जायचो. आमच्या आडनावावरून काही कळत नाही. "नागपूरचे म्हणजे मूळचे कुठले गं तुम्ही?" एखादी काकू हळूच विचारायची. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी ताठ मानेनं सांगितलं असतं. पण त्यांना कुणी विचारायचंच नाही, मला विचारायचे. आणि मी? मी हसून विषय बदलायची.

चौऱ्याऐंशी साली कॉलेजात फिल्मचा कोर्स घेतला होता. घरची रिळं कापून, जोडून मी वीसेक मिनिटांची फिल्म केली आणि मंडळाच्या दिवाळीत ती दाखवायचं ठरलं. जयंती त्यात होती — तीन मिनिटांचं ते अख्खं रीळ, अगदी शेवटी, आईच्या आवाजावर फिल्म संपत होती. खरंच होती हो. पण आदल्या दुपारी मला तो मंडळाचा हॉल दिसायला लागला. काकूंचे एकमेकींकडे वळणारे चेहरे दिसायला लागले. आणि मी तो तुकडा कापला.

नुसता कापला असता तर परत जोडता आला असता. पण बाबा ऐनवेळी जोडायला लावतील, म्हणून मी तो कॉलेजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. सुपर एटला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून निघतं तेवढं एकच. मला माहीत नव्हतं? वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. लहान होते म्हणू? एकवीस वर्षांची होते.

टाळ्या खूप पडल्या. काकूंनी जवळ घेतलं. परतताना गाडीत आईनं विचारलं, "जयंतीचं नाही घेतलंस गं?"

"लाइट कमी होता, आई. नीट नव्हतं आलं."

"मी पण ओरडतच होते जरा," म्हणून आई हसली. बाबा ड्राइव्ह करत होते.

त्याच फिल्मवर मला पुढे फिल्म स्कूलला प्रवेश मिळाला. आज जे काही माझं नाव आहे ते तिथून सुरू होतं.

दोन वर्षांनी आई गेली, कॅन्सरनं, बघता बघता. महिनाभरानं बाबा म्हणाले, "जयंतीची रील काढ ना बेटा. एकदा तिचा आवाज ऐकू."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "गॅरेजमध्ये असेल, बाबा."

मग ते शोधत बसले. रविवार आला की खोकी उतरवायचे, एकेक रीळ प्रोजेक्टरवर चढवायचे. भिंतीवर आई चालायची, हात हलवायची, काहीतरी बोलायची — आवाज नाही. मी शेजारी बसून पुढचं रीळ हातात द्यायची. कुठलं रीळ त्यांना कधीच मिळणार नाही हे माहीत असताना.

एका रविवारी त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. म्हणाले, "गॅरेजमध्ये समरला किती हीट होते, माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्याच हातनं खराब झाली असणार ती. सॉरी बेटा. तुझ्या आईचा आवाज मी सांभाळू शकलो नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे बाबा. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

बाबा पुढे बरीच वर्षं होते. जाईपर्यंत ते तसंच समजत राहिले.