मापाचा ब्लाऊज

मी चौथी शिकलेली बाई. लिहायची सवय नाही. माझी मुलगी दीपा म्हणाली, "आई, वहीत लिहून ठेव. नाव टाकू नकोस. मासिकातल्या वाचकांच्या अनुभवांच्या सदराला पाठवायचं की नाही ते मागाहून बघू." म्हणून लिहिते आहे. आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी मी मानत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला जिन्यात काही दिसलं की मला वाटतं, बल्ब गेला असेल. आणि बहुतेक वेळा बल्बच गेलेला असतो. पण हे जे झालं त्यात बल्बाचा काही संबंध नाही... भर दिवसा, सकाळी अकरा वाजता झालं.

आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाहेरच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे, वीसेक वर्षं ब्लाऊज शिवते. येणारी प्रत्येक बाई कापडाबरोबर तिला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज आणते, तो मापाचा ब्लाऊज. त्यावरून नवीन बेतायचा आणि दोन्ही परत करायचे. माझ्याकडे मात्र स्वतःचा मापाचा ब्लाऊज कधीच नव्हता. कारण सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या छातीची डावी बाजू वयात आल्यावर वाढलीच नाही. उजवी व्यवस्थित, डावी जवळजवळ सपाट.

हे पहिल्यांदा ओळखलं काशीआत्याने, माझ्या वडिलांच्या बहिणीने. ठाण्याला माजिवड्याजवळ आमचं गाव, तिथे ती शिवणकाम करायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी तिच्याच मशीनशी बसलेली. माझ्या प्रत्येक ब्लाऊजच्या डाव्या कटोरीत ती कापसाची गादी शिवून द्यायची, कोणाला न सांगता. तिला लिहिता येत नव्हतं. पण कापड कुठल्याही रंगाचं असो, आतल्या पट्टीवर शेवटचे दोन टाके लाल दोऱ्याचे घालायची. तीच तिची सही.

मी अठ्ठावीस वर्षांची असताना तिने मला एक जांभळा ब्लाऊज शिवून दिला. बघते तर गादीच नाही! शिवाय दोन कटोऱ्या दोन तऱ्हेच्या. उजवी साधी. डावी वरून चपटी, खाली भरलेली. माझ्या अंगावर तर सगळाच पोत्यासारखा लोंबत होता, मी काडीसारखी होते तेव्हा.

मी म्हटलं, "आत्या, हा चुकला गं."

"चुकला नाय गो," ती हसली. "तुजा माप मना ठाव हाय."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे चुकली असेल असं मी धरलं. त्याच वर्षी ती गेली. पुढच्या वर्षी दारावर बोहारीण आली तेव्हा जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात तो ब्लाऊजही गेला. बदल्यात स्टीलचं पातेलं मिळालं. ते पातेलं अजून घरात आहे, हे लक्षात ठेवा.

मागच्या वर्षी माझा उजवा हात मोडला. ब्लाऊज घालायला दीपाची मदत घ्यावी लागली आणि चोवीस वर्षं मुलीपासून लपवलेलं तिला कळलं. मला वाटलं आता ती रडेल. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, तू अख्ख्या डोंबिवलीला फिटिंग देतेस आणि स्वतः कापूस भरून फिरतेस?"

ती ठाण्याला नौपाड्यात एका लॅबमध्ये कामाला आहे. जवळच प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तिथे घेऊन गेली. मी दोनदा दारातून परत फिरले, तिसऱ्यांदा तिने दंडच धरला. आमचे हे खाली उभे होते. म्हणाले, "मला तू आहेस तशी चालतेस. पण तुला हवं असेल तर जा. मी इथेच आहे."

डॉक्टरांनी टेबलावर दोन इम्प्लांट ठेवले, ऑपरेशन करून छातीत बसवायचे. एक गोल, वाटी उपडी घातल्यासारखा. दुसरा थेंबाच्या आकाराचा, वर उतरता, खाली भरीव. गोलाने वरची बाजू उठून दिसते आणि तो आत जरा फिरला तरी फरक पडत नाही. थेंब उजव्या बाजूशी जास्त मिळताजुळता दिसेल, पण फिरला तर आकार बिघडतो, काळजी घ्यावी लागते. "दोन्ही चालतील," त्या म्हणाल्या. "घाई नाही, विचार करून सांगा."

दीपा म्हणाली गोल. मला काहीच ठरवता येईना. कापड चुकलं तर उसवता येतं, हे कसं उसवणार? वर्षानुवर्षं अंगात राहायचं. शिवाय पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारत होतं, तुम्हाला कसं हवंय. त्या प्रश्नाचीच सवय नव्हती.

डॉक्टरांनी घरी तांदळाची पिशवी करून बघायला सांगितलं होतं. मी अस्तराच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, एक गोल, एक थेंबासारखी, त्यांनी सांगितलेल्या मापाने तांदूळ भरले आणि आधी गोल घालून भाजीला गेले. शिवणारी बाई, पण टीप घातली घाईत! मेथी घेताना शिवण उसवली. पदराखालून तांदूळ सांडायला लागले, मागे कबुतरं. भाजीवाली म्हणाली, "ताई, पिशवी फाटली वाटतं तुमची." मी "हो" म्हटलं आणि जवळजवळ पळतच घरी आले. दीपा हसून हसून जमिनीवर बसली. मग मीही हसले. त्या गोष्टीवर मी जन्मात पहिल्यांदा हसले असेन.

तरी ठरत नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन गिरणीत गेलेले. परत आले तर मशीनवर एक कापडी पिशवी. दीपाला सुट्टी होती, ती म्हणाली, "एक बाई देऊन गेली. तिशीची असेल, हसरी, हातात डबा होता. नाव, नंबर विचारला तर म्हणाली, तुझ्या आईला माप ठाऊक आहे."

पिशवीत मोरपंखी रंगाचं नवीन कापड होतं. आणि मापाचा ब्लाऊज... जांभळा.

मी तो उलटा केला. आतल्या पट्टीवर दोन लाल टाके.

दीपाला सगळं सांगितलं. तिने एकदा ब्लाऊजकडे बघितलं, एकदा ओट्यावरच्या पातेल्याकडे. "म्हणजे पातेलं पण आपलं आणि ब्लाऊज पण आपलाच? भारी सौदा आहे आई!"

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. दार लावून ब्लाऊज घातला. एकोणीस वर्षांत मी चांगली भरलेली, तरी पाठ, खांदे, उजवी बाजू सगळं आजच्या मापाने बसलं. डावी कटोरी तेवढी रिकामी. उसवलेली गोल पिशवी दुरुस्त करून घातली तर वर चुणी पडली. मग थेंबाची घातली... कुठे एक सुरकुती नाही.

ब्लाऊज घेऊनच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नमुन्यातला थेंब त्या कटोरीत ठेवला आणि बघतच राहिल्या. "कोणी शिवलंय हे?"

"आत्याने."

"बोलवा त्यांना, मी नोकरीवर ठेवते."

"ती वारली," मी म्हटलं. "एकोणीस वर्षं झाली." डॉक्टरांनी मोजायची टेप काढून पुन्हा सगळी मापं घेतली, मग हसून कागदावर थेंबासमोर खूण केली. मी हो म्हटलं. कोणाकडे न बघता, माझं मी.

ऑपरेशन नीट झालं. सूज पूर्ण उतरायला काही महिने गेले. मग एका सकाळी आरशाकडे तोंड करून मी जांभळा ब्लाऊज घातला, कापसाशिवाय. हुक लागले. ह्यांनी चहाचा कप तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "आज कुठे लग्नाला निघालीस?" कुठेच निघाले नव्हते. घरातच होते दिवसभर, नुसती ताठ चालत.

दीपा म्हणते बोहारणीकडून तो ब्लाऊज कुठेतरी विकला गेला असेल, फिरत आला असेल. असेल. पण नेमका त्याच आठवड्यात? माझ्याच दाराशी? आणि आत्याला माझं आजचं माप तेव्हा कसं कळलं? बिल्डिंगमध्ये, गल्लीत, सगळीकडे विचारलं, तशी बाई कोणी पाहिलेली नाही. आता मी विचारणंही सोडलं.

गिऱ्हाइकाचं कापड मात्र ठेवून चालत नाही. परवा मी तो मोरपंखी बेतला. समोर मापाचा ब्लाऊज ठेवायला गेले तर तो माझ्याच अंगात होता. तशीच बसून शिवला. आतल्या पट्टीवर दोन लाल टाके घातले आणि दाराजवळ हँगरला लावून ठेवला आहे. ती बाई येईल तेव्हा तिला तो देईन, चहाही देईन.

मापाचा ब्लाऊज मात्र परत देणार नाही.