देवाच्या एडक्याची घंटी

मंगळवेढ्याच्या माळावर बिरप्पा मेंढरं राखायचा. बिरोबाला सोडलेला त्याचा एडका एका उन्हाळ्यात हरवला, आणि पुढं त्याचीच घंटी बिरप्पाच्या डाव्या कानात वाजू लागली. झोपेत, जागेपणी, अखंड. मृगजळातून कुणी बोलावतंय असं वाटून तो चालत सुटायचा आणि नकळत डावीकडं कलायचा. मागोमाग सगळा कळप कुणाच्या तरी ज्वारीत. पण शेतकरी शिव्या द्यायचे सोडून त्याच्या पाया पडायचे. देवाचा एडका बोलावतोय म्हटल्यावर तोंड कोण उघडणार!

मी तेव्हा, १९३४ साली, सोलापुरात सात रस्त्याजवळ विरुपाक्ष डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. असल्या भोळेपणाचा मला भारी राग. बिरप्पाला त्याची बायको अंबुबाई घेऊन आली, तीही घंटीसाठी नव्हे, तोल जातो म्हणून.

डॉक्टरांनी नादकाटा वाजवून डाव्या कानाशी धरला. "मुका हाय की ह्यो," बिरप्पा म्हणाला. मग कापसाचं टोक बुबुळाला लावलं, तर डावी पापणी लवली नाही. माझं हसू तिथंच विरलं. ज्या कानाला काही ऐकू येत नव्हतं, त्याच कानात घंटी वाजत होती.

"ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "वाईट जातीची नाही, पण वाढतेय. मेंदू दाबला की आधी डोळे जातील, मग जीव. मुंबईला कवटी उघडून काढतात. त्यातही धोका आहेच. कान परत येणार नाही, तोंड वाकडं होईल."

"आन घंटी?"

"बहुतेक जाईल."

बिरप्पानं डावा कान तळव्यानं झाकला. "मग मला हाक कोन मारनार?"

"मी हाय न्हवं?" अंबुबाई उसळली.

तो गेला आणि जिवंत परतला. अर्धा चेहरा झोपल्यासारखा, डावा डोळा मिटेना. "आत लई रिकामं वाटतंय," एवढंच म्हणाला. मला त्या घंटीचं वाईट वाटेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी माळावर गेलो. अंबुबाईनं बिरोबाला नवं कोकरू सोडलं होतं, गळ्यात घंटी बांधून. ते बिरप्पाच्या डावीकडून वाजत आलं. बिरप्पाचा अर्धा चेहरा उजळला. तो उठला आणि हात पुढं करून उजवीकडं चालू लागला. एकच कान उरलेला, त्याला सगळे आवाज उजवीकडूनच यायचे.

मी हाक मारणार तोच अंबुबाईनं ओठांवर बोट ठेवलं. तिनं कोकरू उचललं, बिरप्पाच्या पाठीमागून वळसा घातला आणि त्याच्या उजव्या हाताशी आणून सोडलं.