जर्नलवर ठेवलेलं पिस्तूल

त्याने कमरेचं पिस्तूल काढलं आणि माझ्या जर्नलवर ठेवलं.

इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब. भर दुपार. मी सेकंड इयरला. वर्गात चाळीस पोरं आणि आम्ही तीन मुली. हा संस्थाचालकांचा मुलगा. कॉलेजच्या कमानीवर याच्या आजोबांचं नाव. पिस्तुलाचं लायसन्स बापाचं, पिस्तूल मात्र मुलाच्या कमरेला. वर्गात घेऊन यायचा. वॉचमन त्याला सलाम ठोकायचा आणि आमच्या पिशव्या तपासायचा.

"उचल की," तो म्हणाला. "तुझंच जर्नल आहे ना?"

मी हात पाठीमागे लपवला. पोरं फिदीफिदी हसली. सर फळ्यापाशी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं, मग खडू उचलला आणि म्हणाले, "अरे, पुरे आता गंमत."

गंमत म्हणे! मेल्या, तुझ्या लेकीच्या वहीवर ठेवलं असतं तर म्हणाला असतास गंमत? पण हे आज सुचतंय.

"अक्षर छान आहे तुझं," तो म्हणाला. "आजपासून माझंही जर्नल तूच लिहायचं. स्कॉलरशिपवाल्यांना वेळच वेळ."

स्कॉलरशिपची यादी भर वर्गात मोठ्याने वाचली जायची. कोण कुठल्या वस्तीतून आलंय ते एका मिनिटात सगळ्यांना कळायचं. माझं आडनाव त्या यादीत होतं.

घरी आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिही बाई. चार रेघा जास्त. त्यांच्या नादाला लागू नकोस." माझा राग आईवर नाही. त्यांच्या नादाला लागलेल्यांचं काय होतं ते तिने बघितलं होतं.

दोन वर्षं मी दोन जर्नलं लिहिली. रीडिंग माझी, ग्राफ माझे, इंजिनाच्या आकृत्या माझ्या. सबमिशनच्या आठवड्यात बोटांना घट्टे पडायचे. त्याने एकदाही पिस्तूल पुन्हा काढलं नाही. गरजच नव्हती. नुसता शर्ट जरा वर करायचा.

मग तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक. त्यांच्यापुढे दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी. त्यांनी पानं उलटली, एक अक्षर, एक रेघ, खाडाखोडही त्याच जागी. दोघांना पुढे बोलावलं.

"कुणी कुणाचं बघून छापलंय?"

त्याचा हात कमरेवर. परीक्षकांनी त्याचं आडनाव वाचलं. मग माझं वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडेच बघत बसले.

आणि मी बोलले. माझ्याच तोंडाने.

"मी छापलं, सर."

माझ्या जर्नलवर लाल शेरा पडला. तो फर्स्ट क्लासमध्ये पास. मी नापास. सहा महिन्यांनी पुन्हा तीच परीक्षा. पिस्तुलातून गोळी कधी सुटली नाही. म्हणून कुठल्या पेपरात बातमी नाही, कुठल्या पोलिसात नोंद नाही. पण ते तीन शब्द आजही माझ्या घशात आहेत. नवऱ्यालाही कधी सांगितले नाहीत.

आज मी सिंगापूरला आहे. तुआसच्या शिपयार्डमध्ये सेफ्टी ऑफिसर. नवरा मरीन इंजिनिअर, सहा-सहा महिने बोटीवर. मी आणि सतरा वर्षांची लेक पुंगोलला राहतो. माझं काम सांगते. तेलवाहू टँकर दुरुस्तीला आला की त्याच्या पोटात गॅस उरलेला असतो. एक ठिणगी पडली तर सगळा खेळ खलास. म्हणून गँगवेच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीच्या, पायथ्याशी मी एक लाल पेटी ठेवते. वर चढणाऱ्या प्रत्येकाने लायटर, काडेपेटी त्यात टाकायची. वेल्डर असो, कॅप्टन असो, मालक असो. "मी सिगारेट ओढणार नाही, नुसता खिशात राहू दे," असं रोज कोणीतरी म्हणतं. मी पेटी पुढे धरून उभी राहते.

परवाच्या रविवारी आमच्या जनरल मॅनेजरनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. माणूस पुण्याचा. जुरोंग ईस्टला मोठा कॉन्डो फ्लॅट. माझा इथे काम करायचा पास दर वेळी त्यांच्या सहीने पुढे सरकतो, आणि लेकीचा इथे राहायचा पास माझ्या पासवर. या महिन्यात रिन्युअल आहे. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बासुंदी झाली, विडे झाले. साहेबांचा मुलगा जन्माने अमेरिकन, तिकडेच कॉलेजला आहे, सुट्टीला आला होता.

"एकवीस पूर्ण झाली की लायसन्स काढतोय हा," साहेब कौतुकाने म्हणाले. "याच्या युनिव्हर्सिटीत पोरांना बंदूक जवळ ठेवता येते. मी म्हणतो, काय चुकलं? चांगल्या घरची मुलं. त्यांच्या हातात असली तर भीती कुणाला? भुरट्यांनाच!"

मी ताटली खाली ठेवली. पाणी प्यायले. रिन्युअल.

"यावरच निबंध द्यायचाय याला," साहेब पुढे म्हणाले. "बंदूक हवी, या बाजूने. पण याला लिहायचा कंटाळा. तुमची लेक इंग्लिश फार सुंदर लिहिते म्हणे? देईल ना लिहून? याच्या नावाने जाईल, एवढंच."

"थँक्स हं," मुलगा म्हणाला. मोबाइलमधून डोकं वर न काढता. अजून कुणी हो म्हटलेलंही नव्हतं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला पासचं सगळं माहीत आहे. माझ्या कानाशी लागून आपल्या सिंगापुरी इंग्लिशमध्ये हळूच म्हणाली, "इट्स ओके, आई. टू पेजेस ओन्ली, लाह. आय कॅन डू."

चार रेघा जास्त.

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. आईचा आवाज माझ्या लेकीच्या तोंडून! मी हे दिलंय तिला? एवढा समुद्र ओलांडून हेच घेऊन आले मी?

"नाही," मी म्हणाले. "ती लिहिणार नाही."

साहेब हसले. "अहो, दोन पानं तर आहेत."

"साहेब, आपल्या गँगवेवर लायटर कुणाकुणाचे काढून घेतो आपण?"

"सगळ्यांचे. त्याचा इथे काय संबंध?"

"चांगल्या घरच्यांचे सोडतो का?"

मग मी सांगितलं. लॅब, पिस्तूल, दोन वर्षं, लाल शेरा. सगळं. "तोही चांगल्या घरचाच होता," मी म्हणाले. "भीती कुणाला म्हणून विचारलंत ना? मला. जिच्याकडे बंदूक नव्हती तिला. आता म्हणाल, तिलाही द्या एक. मी उचलली असती, तर कमानीवर नाव असलेला सुटला असता आणि मी तुरुंगात सडले असते. शिकायला बसल्यावर कमरेला बंदूक कशाला हवी? समोरच्याने गप्प बसावं म्हणूनच ना?"

साहेबांचा चेहरा आधी उतरला आणि मग कडक झाला.

"तुम्हा लोकांना ना," ते सावकाश म्हणाले, "जिथे तिथे अन्यायच दिसतो. रिन्युअलची फाइल माझ्याच टेबलावर आहे, नाही का?"

तुम्हा लोकांना. म्हणजे आडनाव यांनीही केव्हाच वाचून ठेवलं होतं. आणि ती फाइल त्यांनी अगदी अलगद माझ्यापुढे ठेवली. जर्नलवर ठेवलं होतं तसंच.

"हो, तुमच्याच टेबलावर आहे," मी म्हणाले. चपला घातल्या. लेकीचा हात धरला आणि निघाले.

एमआरटी मेट्रोत बसल्यावर ती म्हणाली, "पास नाही आला, देन हाऊ?"

"परत जाऊ."

"आणि माझं स्कूल?"

खोटं बोलले नाही. "माहीत नाही," म्हणाले. ती रडली. मीही रडले. समोरच्या बाकावरची म्हातारी चिनी बाई बघत होती. बघू दे.

सोमवारी टँकर धक्क्याला लागला. साहेब पाहुण्यांना घेऊन आले, माझ्याकडे न बघता सरळ गँगवेकडे निघाले. मी आडवी उभी राहिले. पेटी पुढे धरली.

"लायटर, साहेब."

पाहुणे बघत होते, वेल्डर बघत होते. साहेब थांबले. खिशात हात घातला आणि लायटर पेटीत टाकला. फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे. सही होईल, नाहीतर नाही होणार.

पण माझ्या लेकीचं अक्षर आता कुणाच्या नावावर जाणार नाही. आणि मी छापलं नव्हतं. हे जिथे विचारतील तिथे सांगणार आहे. जिथे विचारणार नाहीत, तिथे आधी सांगणार आहे.