कोरडा पुठ्ठा

भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरीही एका मेलेल्या माणसाशी रोज सकाळी बोलणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझे थोरले साडू. ते नाशिक रोडच्या एका कॉलनीत राहत, सरकारी नोकरी करत, आणि भुतांचा विषय निघाला की "अडाण्यांचं काम ते" म्हणून चहा मागवत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नामपूरचे त्यांचे मोठे भाऊ वारले. कांद्याची भाडी मारणारी त्यांची जुनी डिझेल पिकअप साडूंच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून साडू गाडीत चढण्याआधी काचेवर टिचकी मारू लागले, आत कोणी असेल तर सावरून बसावं म्हणून. भाऊ चांगले उंच, साडू बुटके. पण सीट त्यांनी तसूभरही पुढे घेतली नाही. ते स्टिअरिंगच्या चाकामधून रस्ता बघत, त्यामुळे समोरच्याला गाडी रिकामीच येताना दिसे. एकदा सिन्नरच्या रस्त्यावर एक दूधवाला सायकल टाकून शेतात पळाला होता. जगाशी ते शुद्ध मराठी बोलत, गाडीशी अहिराणीत. बॉनेट उघडून हळूच विचारत, "काय व्हयनं, भाऊ?" आणि उत्तरासाठी थांबत. मला त्यांच्या विचारण्यापेक्षा ते थांबणं जास्त खटके.

गाडीचं इंजिन ऑइल गळत असे. साडू रोज संध्याकाळी इंजिनखाली पुठ्ठा सारत आणि सकाळी तो दोन्ही हातांनी उजेडात धरत, एखाद्या मंत्र्याने मानपत्र स्वीकारावं तशा चेहऱ्याने. एका रविवारी आम्ही न कळवता सिन्नरहून एसटीने त्यांच्याकडे गेलो, तर हे फाटकातच उभे. पुठ्ठ्यावर दोन मोठे थेंब आणि एक लहान. "या साडूभाऊ, चहा टाकलाय. छोटीला बरं नाही का? तिचा थेंब फिकट पडलाय." मी हसलो. बायकोने मुलीच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. पोर तापली होती.

या सगळ्याला ताई, म्हणजे माझी मेहुणी, विटल्या होत्या. भावाच्या वर्षश्राद्धाला गाडी नामपूरला आणून दाखवीन, असं साडूंनी वहिनींना कबूल केलं होतं. पण गळक्या इंजिनाने घाट चढायचा म्हणजे ते वाटेतच बसणार. "श्राद्धाला जाईल तर ठेवा," ताईंनी बजावलं, "नाहीतर भंगारात. फरशी घासून माझे गुडघे गेले." साडूंनी मेकॅनिक आणले. प्रत्येक जण गाडीखाली आडवा होई, तळाचं पॅकिंग बदले आणि म्हणे, "आता थेंब पडला तर नाव बदलीन." थेंब पडतच राहिला.

शेवटी साडूंनी भावाचीच रीत काढली. इंजिन डिझेलने धुवायचं, कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी चालू करायची. तेल जिथून निघतं तिथून काळी रेघ उमटते. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. साडू पांढऱ्या सफारीत, शल्यविशारदासारखे हात वर धरून उभे. ताईंचा अख्खा डबा इंजिनावर रिता झाला. इंजिन न्हाऊमाखू घालून शेवटच्या प्रवासाला तयार केलेल्या माणसासारखं पांढरंफटक दिसू लागलं. बराच वेळ इंजिन धडधडलं, रेघ काही उमटली नाही. साडूंनी बॉनेट लावलं, गाडीला कुलूप घातलं आणि किल्ली उशाशी घेऊन झोपले.

सकाळी बॉनेट उघडलं. वरच्या झाकणावर, मागच्या कोपऱ्याशी, पावडरीत एक पंजा उमटला होता. करंगळीशेजारच्या बोटाचा नुसता खुंट. भावाचं ते बोट कधीकाळी फॅन बेल्टने नेलं होतं. त्या नसलेल्या बोटाच्या जागेवरून एक बारीक काळी रेघ इंजिनाच्या पाठीमागून खाली उतरली होती.

"दाखवलं ना शेवटी," साडू म्हणाले, बस उशिरा लागल्यासारखे.

मला कारण लगेच सुचलं. इंजिनाची थरथर बघायला झाकणावर तळवा ठेवायची साडूंना सवय, आणि तो ठेवताना ते तेच बोट आत मुडपत. विद्या भावाकडून शिकले, त्यात नसलेलं बोटही शिकले. मी हे ताईंना समजावलं. त्या म्हणाल्या, "मग यांचा हात धरून बघा की वर." साडूंनी बोट मुडपून तळवा ठशावर अलगद धरला. ठसा चहूबाजूंनी बाहेर उरला.

"पावडर पसरते," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. मीही नीटसं ऐकलं नाही.

झाकणाचा तो कोपरा वाकला होता. तेल तिथून झिरपून मागून खाली येई, आणि मेकॅनिक खालीच शोधत. झाकण बदललं. गाडी नामपूरला गेली. वहिनी कितीतरी वेळ बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. परत आली तीही थेंब न सांडता. ताईंनी पुन्हा भंगाराचं नाव काढलं नाही.

पुढे काही वर्षांनी मी असाच न कळवता गेलो. साडू दचकले. "अरे, साडूभाऊ! कळवायचं तरी!" चहा टाकलेला नव्हता. हातात पुठ्ठा होता, वर काहीही नाही. तो त्यांनी उजेडात धरला, उलटून पाहिला.

"रोज ठेवतो," ते म्हणाले. "थोडी गळती राहू द्यायला हवी होती, नाही?"

मग वाकून त्यांनी तो कोरडा पुठ्ठा पुन्हा इंजिनखाली नीट सारला, आणि थांबले. या वेळी मीही थांबलो.