सपरीतला लामा

लग्न होऊन मी तुमसरला आले, त्या हिवाळ्यात आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, एक लामा राहायला आला. आजही सांगितलं तर लोक हसतात. हसोत बापडे! धानबाजारामागच्या पटांगणात सर्कस उतरली होती. तिच्या जनावरांना धानाचा पेंढा, आमच्याकडचं तणस, माझे सासरे पुरवायचे. सर्कशीतल्या या लामा नावाच्या जनावराचा पाय दुखावला, पुढचा प्रवास त्याला झेपेना, म्हणून सर्कसवाले परत येईपर्यंत त्याला आमच्याकडे ठेवून गेले.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते धुक्यात. मान उंटाची, अंग मेंढीचं, आणि पापण्या अशा लांब की नव्या नवरीनं लाजावं. लोकरीवर दव चमकत होतं. मी अजून झोपेतच आहे, असं मला कितीतरी वेळ वाटत राहिलं.

सोडायला आलेल्या माणसानं बजावलं, "सूखी घास, साफ पानी, छाँव. दाना कम देना. माथे पे हाथ मत फेरना, थूकेगा. गर्मी में पेट और पाँव भिगोना, पीठ नहीं. और अकेला मत रखना." पाठीवरची लोकर भिजली की उष्मा आतच कोंडतो म्हणे.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शेवटचं सोडून सगळं मनावर घेतलं. "परदेशी पाहुना हाये. त्याले बैलाच्या कोठ्यात कायले बांधाचं?" आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे जागा वेगळी द्यायची. सपरी सारवली. सासूबाई कुंकू लावायला पुढे झाल्या, तर पठ्ठ्यानं कान मागे टाकले आणि पचकन थुंकला. हिरवंगार! "अगा माय!" सासूबाई ओरडल्या. मी पदरात तोंड खुपसून हसले. त्या घरातलं ते माझं पहिलं हसू.

त्याचं सगळं माझ्याकडे आलं. लेंड्या तो एकाच कोपऱ्यात टाकायचा. एवढी शिस्त घरातल्या माणसांतही नव्हती. दुपारी सगळं सामसूम झालं की तो हुंऽऽ हुंऽऽ असा बारीक आवाज काढायचा. ऐकता ऐकता डोळे मिटायचे आणि मला माहेरची, पवनीची नदी दिसायची, घाटावर लुगडी वाळत घालणारी माझी माय दिसायची. जीव नुसता तुटायचा. धनी दिवसभर राईस मिलमध्ये. सांगू कोणाला?

मग त्यानं खाणं सोडलं. लोकरीमुळे वरून काही कळेना, पण पाठ दाबून पाहिली तर कणा हाताला टोचला. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही. मामाजींचा घास घशाखाली उतरेना. "मेला तं सर्कसवाल्याले का तोंड दाखवू?" त्यांनी गुळाचा खडा नेला, हरभऱ्याचा पाला नेला. तो मान वळवून वेशीकडे बघत बसला.

सासऱ्यांपुढे सुनेनं बोलायची रीत नव्हती. पण माझं डोकंच फिरलं. "अकेला मत रखना म्हनला होता ना तो मानूस! त्याले मान नाही पाहिजे, सोबत पाहिजे! मरून राहिला ना तो!" मी दारातून ओरडले.

सासूबाई उठल्या. कोठ्यातून आपली लाडकी शेळी ओढत आणली आणि त्याच्या शेजारी बांधली. त्यानं तिला हुंगलं. ती बेशरम सरळ त्याच्या पुढ्यातलं तणस खाऊ लागली. तो बघत राहिला, बघत राहिला, आणि हळूच मान खाली घालून त्यानं एक काडी उचलली. मग दुसरी. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे.

माझ्याकडे न बघताच सासूबाई म्हणाल्या, "आन तुले वो पोरी? मायची याद येते का?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी तिथंच, सगळ्यांसमोर, हंबरडा फोडला.

मामाजी खाकरले. "उद्या सकाळची मोटार हाये पवनीची," ते म्हणाले, "मी बसवून देतो."